सात दिवसांचा रिझल्ट

आमच्या शेजारचे बिराजदार काका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला भेटतात, मग माणसांना. खिशातून किल्ली काढायची, टकटक वाजवायची, कान लावायचा आणि गंभीर चेहरा करायचा. जुळे सोलापुरात आम्ही घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीला आले आणि होम चालू असताना हॉलमधला खांब वाजवत उभे राहिले. गुरुजी दोनदा मंत्र चुकले. मी हळूच विचारलं, "कसा आहे खांब?" तर म्हणाले, "गिलावा बरा हाय. आतलं कुणी बघितलंय?" पुढे महिनाभर मी त्या खांबाला वळसा घालून स्वयंपाकघरात जात होतो.

मूळचे अक्कलकोटकडचे. सगळी नोकरी काँक्रीट तपासणाऱ्या लॅबमध्ये गेली. बांधकामावर काँक्रीट ओतताना त्यातलंच थोडं लोखंडी साच्यात भरून ठोकळे पाडतात, पाण्यात ठेवतात आणि मग यंत्राखाली फोडतात. सातव्या दिवशी फोडलेल्या ठोकळ्यावरून मजबुतीचा अंदाज कळतो, अठ्ठाविसाव्या दिवशी पक्कं कळतं. पण काकांचं म्हणणं, कंत्राटदार इमारतीला एक माल वापरतो आणि ठोकळ्याला जास्त सिमेंटचा, खास दुसरा. त्यामुळे गुळगुळीत दिसणाऱ्या कशावरही त्यांचा विश्वास नाही. पेढासुद्धा मोडून बघतात. नवरदेव देखणा असला तर लग्नातून काळजी करत परततात.

अशा माणसाला सल्ला विचारायची दुर्बुद्धी मला झाली, कारण माझी मुलगी सायली सिव्हिल इंजिनिअर झाली होती आणि पुढे काय करावं हे आमच्या घरात कुणालाच कळत नव्हतं. मी पोस्टातला कारकून. मला बीम आणि कॉलम यातला फरक आजही विचारू नये.

"सरकारी परीक्षा देऊ का?" सायलीनं विचारलं.

"दे की. पेपर आदीच कुणाच्या घरी गेला नसंल तर."

"पुण्यात डिझाइनचं काम?"

"कॉम्प्युटरवर इमारत कदी पडत न्हाय. तितंच मला डाउट येतो."

"मग पर्यावरणाचं? सांडपाणी शुद्धीकरणाचं?"

"नमुन्याची बाटली कुठल्या नळाखाली भरली, बघितलं का कुणी?"

शेवटी तिनं खरी गोष्ट सांगितली. बार्शी रोडला एका वसतिगृहाचं काम चालू होतं आणि तिथल्या कंपनीनं तिला मालाची गुणवत्ता तपासायला बोलावलं होतं. दहा दिवसांत कळवायचं होतं. तिला ती नोकरी मनापासून हवी होती. साइटवर एकटी मुलगी पाठवायला माझं मन तयार नव्हतं. काका म्हणाले, "अठ्ठावीस दिवस पायजेत."

"दहाच आहेत."

"मग सातव्या दिवशी अंदाज सांगतो." आणि किल्ली वाजवत निघून गेले.

पाचव्या दिवशी कंपनीतून मला फोन. "तुमच्या ओळखीचे कुणी आजोबा आहेत का? तीन दिवस आमच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर बसून गाड्या बघतायत. वॉचमनला वाटलं, सळया चोरायला टेहळणी चाललीय. हटकलं तर तुमच्या मुलीचं नाव सांगितलं."

माझं डोकंच फिरलं. पोरीची नोकरी लागायच्या आधीच हा माणूस घालवणार, याची खात्री पटली. शिवाय मनात भलतीच शंका आली. आपल्या मुलीच्या नोकरीत यांना एवढा रस कशाला? कुणा कंत्राटदाराशी जुनं भांडण तर नाही? बिराजदारांच्या शेजारी राहून मीही बिराजदार व्हायला लागलो होतो.

सातव्या दिवशी ते आले तेव्हा मी चहासुद्धा विचारला नाही. थेट विचारलं, "तुम्ही तिथे कशाला जाऊन बसलात?"

त्यांनी वही काढली. वाळू धुऊन घेतात. परांचीवर चढायची शिडी बांधलेली आहे. सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट असतं. बायकांसाठी वेगळा संडास आहे, कडी आतून लागते, हे त्यांनी एका कामकरी बाईला विचारून लिहिलं होतं. मी खाली बघायला लागलो.

"जा तू," ते सायलीला म्हणाले. "पण एक सांगतो. माझी पैली नोकरी. गावाकडं शाळेचं काम चाललं हुतं. साहेब म्हणला, ठोकळे फोडलेत असं समज आन् सही कर. मी केली. शाळा उभी हाय अजून. दरसाल जाऊन भिंती वाजवून येतो. पोरं हसत्यात मला."

"कुणाला विचारलं नाही, काका?" सायली म्हणाली.

"कुणाला विचारू? घरात माज्याआदी कुणी शाळंत गेलेलं न्हवतं." त्यांनी वही मिटली. "सही करताना हात थांबला तर मला फोन कर. कवाबी कर. एकटी ठरवू नको."

मी उठून चहा टाकला. मला माझीच लाज वाटत होती.

सायली रुजू झाली. पहिल्याच महिन्यात तिनं दोनदा फोन केला आणि एकदा खरंच सही नाकारली. मग काम सुरळीत झालं, फोन थांबले. काका मात्र रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायला लागले. मोबाइल मांडीवर. "आज बी फोन न्हाय. पोरगी कायतरी लपवतीय, बघा."

मी सायलीला सांगितलं, तर ती हसली. "बाबा, रोज नवी शंका कुठून आणू?" तरी दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना फोन केला आणि विटा लावायच्या आधी किती वेळ भिजवायच्या, ते विचारलं. काकांनी उभं राहून अर्धा तास समजावलं. कुठल्या मातीची वीट, कुठली भट्टी, उन्हाळ्यात किती, थंडीत किती.

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. नजर नेहमीचीच, संशयी.

"तिला हे ठाऊक हाय. पैल्या वर्षाला शिकवत्यात. मला बरं वाटावं म्हणून विचारलं तिनं."

त्यांनी मोबाइल खिशात टाकला.

"उद्या बी विचार म्हणावं," ते म्हणाले.