शालिकमामांची दोन सभागृहं

आमच्या एकोडीत कुणाच्याही घरी गेलात तर बूड टेकायच्या आधी चहा येतो. शालिकमामांच्या घरी मात्र चहाचं आधी विधेयक मांडावं लागतं.

तुम्ही सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, हिरव्या सतरंजीवर बसता. मामा उभेच असतात. ते घसा खाकरतात आणि छताकडे बघून म्हणतात, “पाव्हन्याले चाय देन्यात यावी, असं विधेयक मांडन्यात येऊन राहिलं. बाजूनं असतील त्यायनं हो म्हना.” तुम्ही बावचळून हो म्हणता. “विरोधात?” तुम्ही गप्प. “मंजूर!” म्हटलं की मामा चपला फटफटवत मधलं दार ओलांडून स्वयंपाकघरात जातात, कारण चहा काय किंवा चुलीची लाकडं काय, दोन्ही सभागृहांनी हो म्हटल्याशिवाय या घरात काडी हलत नाही. एवढं होईपर्यंत माझी साकोलीची बस फाट्यावरून निघून गेलेली असते.

मी साकोलीला हार्डवेअरच्या दुकानात कामाला जातो. माझ्या आणि मामांच्या अंगणात कमरेएवढी भिंत आहे. ती भिंत म्हणजे प्रेक्षक गॅलरी. “बापू, गॅलरीतून पाहाचं, आयकाचं. बोलाचं नाई आन टाळी वाजवाची नाई,” असा मला कायमचा दम दिलेला आहे. भिंत माझ्या बापाने बांधली, अर्धी आमच्या हद्दीत आहे, पण तिच्यावर टॉवेल वाळत घातला तरी मामा अध्यक्षांच्या नजरेने बघतात.

हे खूळ दिल्लीहून आलं. तलावाखाली भाताच्या चार बांध्या असलेला हा साधा शेतकरी एकदा शेतकऱ्यांच्या दौऱ्याबरोबर दिल्लीला गेला. बाकीच्यांनी लाल किल्ला पाहिला आणि ब्लँकेटं विकत घेतली. मामांनी कुठून तरी पास मिळवला, सकाळी लोकसभेच्या गॅलरीत बसले, दुपारी राज्यसभेच्या. गावात उतरले ते वेगळेच होऊन. “तिकडं हिरवा गालिचा, इकडं लाल,” एवढंच आठवडाभर बोलत होते. मग साकोलीच्या बाजारातून दोन सतरंज्या आल्या. हिरवी सपरीत पडली, लाल स्वयंपाकघरात. अनुसयामामींना वाटलं, नवऱ्याला आपल्या गुडघ्यांची कीव आली. त्या बिचाऱ्या चुलीपुढे लाल सतरंजीवर बसल्या आणि बसल्याबसल्या राज्यसभा होऊन गेल्या.

“सपरी म्हंजे लोकसभा,” मामा समजावून सांगत. “इथं गावातला कोनीबी येते, बोलते, भांडते, चालला जाते. सैपाकखोली म्हंजे वरचं सभागृह. तिथं घाई नाई. शिजवाचं, ढवळाचं, चव पाहाची. खालच्यानं तिखट जास्त टाकलं तं वरच्यानं सांगाचं, थांबा जी. म्हून दोन लागतात बे! एकच सभागृह असतं तं देश कवाच करपला असता.”

हे ऐकायला बरं वाटतं, पण तो माणूस एका जागी बसून सांगेल तर शपथ. सपरीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून सपरी, मध्येच अंगणात जाऊन गाईच्या पाठीवर थाप, पुन्हा सपरी. जेवणसुद्धा उभ्याने. मामींचं आयुष्यातलं एकच भाषण होतं, “बसा ना जी एका जागी,” आणि त्या ते रोज करायच्या.

बाकी मामी फारशा बोलायच्या नाहीत. त्यांचा निकाल सपरीत चहाच्या रूपाने यायचा. दुधासाखरेचा चहा आला की विधेयक मंजूर. नुसता पाण्याचा गडवा, म्हणजे तांब्या, आला की नामंजूर. आणि बिनदुधाचा काळा चहा आला तर दुरुस्तीसाठी परत. म्हणजे, बेत बरा आहे, पण यात काहीतरी कमी आहे. काय कमी आहे ते मामींनी कधी सांगितलं नाही. ते हुडकायचं काम खालच्या सभागृहाचं. मामा काळा चहा हातात घेऊन तासन्‌तास येरझारा घालायचे.

असं सगळं रीतसर चाललेलं बघून तुम्ही मामांना साधे समजाल. मी समजत नाही. कारण मामांना संसदेतली एक पळवाट पक्की ठाऊक होती. पैशाचं विधेयक, म्हणजे धनविधेयक असेल तर वरचं सभागृह ते अडवू शकत नाही, नुसता सल्ला देतं. आणि कुठलं विधेयक धनविधेयक, हे ठरवतो कोण? लोकसभेचा अध्यक्ष. या घरात अध्यक्ष कोण, हे तुम्हाला सांगायला नको.

तेव्हा मामांच्या मनात काही भरलं की ते झटकन धनविधेयक व्हायचं. सायकल अशीच आली. एकदा त्यांनी बकरी घ्यायची काढली. स्वयंपाकघरातून पाण्याचा गडवा आला. मामा गडवा गटागटा पिऊन हसले, “सल्ला मिळाला. आभारी हावो.” आणि बकरी आली. त्या बकरीने चौथ्या दिवशी लोकसभा खाल्ली. हिरव्या सतरंजीचा एक कोपरा सबंध गेला, तो अजून तसाच आहे. मामी दारात येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, “राज्यसभेनं सांगतलं होतं.” मी गॅलरीचा नियम मोडून खो खो हसलो, तेव्हा मला दिवसभरासाठी निलंबित करण्यात आलं.

मामा चिडले की लोकसभा बरखास्त करायचे. सतरंजी गुंडाळून काखेत मारायची आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन फेऱ्या मारायच्या. भूक लागली की परत यायचं. चुलीवर भात झाकून ठेवलेला असायचा. “लोकसभा बरखास्त होते, राज्यसभा कवाच बरखास्त होत नाई,” हे मामा भाताचा घास तोंडात असताना सांगायचे, जणू घटनेने हा भात गरम ठेवलाय.

आणखी एक नियम सांगायचा राहिला. अध्यक्ष मत देत नाही. जत्रेला जायचं का, भाजी वांग्याची की भोपळ्याची, पोरगा प्रमोद लहान होता तेव्हा त्याला कुठल्या शाळेत घालायचं, सगळ्यांना विचारून झालं की मामी विचारायच्या, “आन तुमाले काय पायजे जी?” मामा दोन्ही हात वर करायचे. “अध्यक्षाले इचारत नसतात. अध्यक्ष सर्वायचा असते, म्हून तो मोजनीत नसते.” पन्नाशी उलटली, साठी उलटली, या माणसाला वांगी आवडतात की भोपळा, हे त्या घरात कुणाला कळलं नाही.

यंदा रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, तोंडावर मामींना लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दवाखान्यातून परत आणलं तर बाहेरच्या खोलीत राहीनात, डाव्या हाताने सारख्या आत दाखवायच्या. शेवटी खाट स्वयंपाकघरातच लाल सतरंजीवर टाकली. मामांच्या येरझारा इतक्या वाढल्या की मला भिंतीवरून बघूनच धाप लागायची. ते आत जात, “काई पायजे का?” विचारत, उत्तर येत नसे, बाहेर येत, पुन्हा आत जात. वरचं सभागृह पहिल्यांदाच खरोखर मुकं झालं होतं. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

मग नागपूरहून प्रमोद गाडी घेऊन आला. प्रमोद समजूतदार पोरगा. त्याच्या घराजवळच व्यायाम करून घेणारे डॉक्टर आहेत, रोज जाता येईल, आई बोलायला लागेल, असं त्याने नीट सांगितलं. मामांना पटलं, मलाही पटलं. मामींना प्रमोदने न्यायचं आणि रोवणा, गाय, घर सांभाळायला मामांनी इथे थांबायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे सपरीत ठरलं. संध्याकाळच्या आत नागपूरला पोचायचं होतं. गाडीचं मागचं दार उघडं होतं, उशा लावलेल्या होत्या. प्रमोद आईला उचलायला निघाला आणि मामा मधल्या दारात आडवे झाले.

“वरच्या सभागृहाची मंजुरी कुठी हाये?”

प्रमोद बापाच्या भाषेत वाढलेला. तो म्हणाला, “बाबा, दवाखान्याचा खर्च हाये ना? मंग हे धनविधेयक झालं. तुमीच अध्यक्ष. सही करा आन चला. उशीर होऊन राहिला.”

आता मामा हो म्हणणार, यात मला शंका नव्हती. बकरीपासून सायकलीपर्यंत सगळं ज्याने पैशाच्या नावाखाली रेटलं, त्याला आज तर खरोखरचं कारण मिळालं होतं. मामींना उठता येत नव्हतं, तेव्हा पाण्याचा गडवाही येणार नव्हता.

मामा दाराला धरून उभे राहिले. मग म्हणाले, “नाई. हे धनविधेयक नाई. तिले इचारल्याबिगर तिले हलवता येत नाई.”

“ती बोलूनच नाई राहिली तं इचारता कसं?”

“ती कवा बोलत होती?” मामा म्हणाले.

ते आत गेले आणि जन्मात पहिल्यांदा चुलीशी वाकून चहा करू लागले. भांडी पडल्याचे आवाज आले, एकदा चहा उतू गेल्याचा वास आला. मधलं दार उघडं असल्यामुळे मला गॅलरीतून सगळं दिसत होतं. मामांनी खाटेशेजारच्या स्टुलावर दुधाचा चहा ठेवला, काळा चहा ठेवला आणि पाण्याचा गडवा ठेवला. उभे राहून विधेयक वाचलं, “प्रमोदच्या मायले इलाजासाटी नागपूरले नेन्यात यावं.”

मामींनी डावा हात हलवला. बराच वेळ तो हात स्टुलावर भटकला. मग त्यांनी काळा चहा पुढे ढकलला.

“दुरुस्ती!” मामा ओरडत सपरीत आले. “जायाले तयार हाये ती! काईतरी कमी हाये.”

आणि मग जी धावपळ सुरू झाली ती काय सांगावी. प्रमोद घड्याळ बघतोय, गाडी उन्हात तापतेय आणि मामा एकेक दुरुस्ती सपरीत मंजूर करून आत नेताहेत. सोबत तिची जुनी गोधडी न्यावी? काळा चहा. रोवणा झाल्यावर जावं? पाणी. तुळशीची कुंडी गाडीत ठेवावी? काळा चहा. तिच्या बहिणीला लाखांदूरहून बोलवावं? काळा चहा. प्रमोद म्हणाला, “बाबा, तिले काई समजून नाई राहिलं.” मामा त्याच्यावर खेकसले, “तिले समजते! तुले आन मले समजून नाई राहिलं!” त्यांच्या कपाळावरून घाम टपकत होता. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. गाय नागपूरला न्यायचा ठरावसुद्धा सपरीत एकमताने मंजूर झाला.

माझा संयम सुटला. मी भिंतीवरून ओरडलो, “मामा, तुमी जाऊन राहिले का तिच्यासंगं?”

“गॅलरीतून बोलाचं नाई!” मामा माझ्याकडे बोट रोखून कडाडले. “अध्यक्ष कसा जाईल? अध्यक्ष मोजनीतच…”

बोट तसंच हवेत राहिलं.

मामा आत गेले. चपला सपरीतच राहिल्या. या वेळी घसा खाकरला नाही, ठराव वाचला नाही, छताकडे पाहिलं नाही. ते खाटेजवळ लाल सतरंजीवर मांडी घालून बसले. एवढ्या वर्षांच्या शेजारात मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मामीही मान कलती करून बघत होत्या.

“मी बी येऊ का?” मामांनी विचारलं. एखादं पोर बाजाराला येऊ का विचारतं, तसं.

मामींचा हात गडव्याकडे गेला नाही, काळ्या चहाकडेही गेला नाही. त्यांनी दुधाचा कप उचलला. अर्धा चहा सतरंजीवर सांडला. उरलेला त्यांनी मामांच्या हातात दिला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मामा तर हुंदके देऊन रडले. मी भिंतीवरचा टॉवेल ओढून तोंड पुसलं.

पुढचं सगळं भराभर झालं. मामा बाहेर आले, घराची किल्ली माझ्या हातात दिली, गाईचं दावं कुठे असतं ते सांगितलं, रोवण्याचं बघशील ना विचारलं. मी हो म्हटलं. मामींना गाडीत ठेवलं आणि मामा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. गाडी सुरू झाली तरी ते उठले नाहीत की काही विसरलं म्हणून पळाले नाहीत. खिडकीतून त्यांनी तो कप माझ्यापुढे धरला. तळाशी एक घोट शिल्लक होता.

“घे बापू. दोनी सभागृहांत मंजूर झाली ही चाय. पाह्य कशी गोड हाये.”

मी घोट घेतला. गडबडीत साखर टाकायची राहूनच गेली होती. मी कप रिकामा केला आणि म्हटलं, “हो जी मामा. लय गोड हाये.”