जगदेवीमावशीच्या सात शिश्या

धर्मापुरीत मावशीच्या ओसरीवर बसून ईश्वरीने प्रयोगशाळेचा अहवाल तिसऱ्यांदा वाचला. खवल्या मांजरांच्या सात बिळांपाशी सापडणारी विष्ठा सात शिश्यांतून पाठवली होती. आसपासच्या डोंगरांतल्या या जनावरांत जनुकीय विविधता किती, ते त्यावरून कळायचं होतं, आणि तिची पीएच.डी. त्यावरच उभी होती. अहवाल म्हणत होता, सातही नमुने तंतोतंत सारखे.

तेवढ्यात मार्गदर्शक सरांचा फोन आला. "ईश्वरी, विविधता शून्य! वंश बुडायला आलाय. उद्या वनखात्यापुढे मांडतोय मी हे."

"सर, सख्खी भावंडंसुद्धा इतकी सारखी नसतात. तासभर थांबा," म्हणून ती देवघराकडे गेली.

"मावशी, मला ताप होता तेव्हा शिश्या तूच भरल्यास ना? साती बिळांवर गेलतीस?"

जगदेवीमावशीने जप पुरा केला, माळ डोळ्यांना लावली.

"सोमवार होता बाई. सोळा सोमवार धरलेत. त्या दिवशी मी गावाची शीव वलांडत न्हाई."

"मग?"

"शिवेच्या आत एकच बीळ हाय. तितलं आणलं अन् सातीत वाटलं. कुणाला कमी न्हाई, कुणाला जास्त न्हाई."

"अगं, प्रसाद होता का तो? शिश्यांवर बिळांचे नंबर होते!"

"ते पुसले का मी? हायत तसेच हायत."

"मग सांगितलं कावून न्हाईस?"

"तू इचारलंस का? इचारलं असतंस तर सांगितलं असतं. व्रतात खोटं चालत न्हाई."

उद्या सर तोंडघशी पडले असते आणि पाठोपाठ ईश्वरीची तीन वर्षं पाण्यात गेली असती. तिने फोन लावला आणि सोमवारासकट सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे एकाच मांजराची विष्ठा सात नंबरांनी गेली," सर सावकाश म्हणाले, "आणि प्रयोगशाळेने ते बरोब्बर ओळखलं?"

"हो सर."

"अगं, आपली पद्धत चोख आहे, याचा याहून मोठा पुरावा कुठला? अशी चाचणी मला सुचली नव्हती. त्यावर एक प्रकरण लिही. सातही बिळांचे नमुने नव्याने आण. आणि प्रबंधात मावशींचे आभार मान."

ईश्वरीने निरोप सांगितला.

"नाव नको घालू बाई," मावशी हळूच म्हणाली. "पुण्य करावं, बोलून दाखवू न्हाई."