सासूबाई, मशीन आणि नवं गाणं

रविवारी काकांनी घरचं वॉशिंग मशीन स्वतःच्या हातांनी दुरुस्त केलं. तेव्हापासून कपडे पिळायची वेळ आली, की ते बाथरूमभर फिरायचं. मेकॅनिकला दाखवायला म्हणून बायकोने त्याचा व्हिडिओ काढून काकांना पाठवला. त्यात डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या सासूबाई मशीनला दोन्ही हातांनी कवटाळून त्याच्यासोबत दारापर्यंत जात होत्या आणि परत येत होत्या.

काका तरुण मुलांसाठीच्या गाण्यांच्या एका टीव्ही कार्यक्रमाचे एडिटर. बाकी सगळे पंचविशीतले, म्हणून हे काका. मागच्या महिन्यात त्यांच्या हातून एकच गाणं दोनदा गेलं, तेव्हा निर्मातीबाईंनी बजावलं होतं, "काका, आणखी एक चूक झाली तर तुम्ही घरी."

त्या दिवशी एका नव्या गाण्याचा आवाज आला, पण चित्र काही येईना. अशा वेळी काकांची एक जुनी पद्धत होती. हाताशी असेल तो व्हिडिओ त्या आवाजाला जोडायचा, गायकाचं नाव वगैरे बसवून ठेवायचं आणि खरं चित्र आलं, की बदलायचं. त्या दिवशी हाताशी सासूबाई होत्या.

साडेपाचला खरं चित्र आलं आणि नेमका त्याच वेळी मेकॅनिकचा फोन आला. "उद्या येतो साहेब."

"उद्या कसलं? आत्ताच्या आत्ता जा! चौकातून डावीकडे, दुसरा मजला!" पत्ता सांगता सांगता काकांनी प्रसारणासाठी फाईल पाठवून दिली. जुनीच!

सहा वाजता गायक विरहाने व्याकूळ होऊन गात होता आणि पडद्यावर सासूबाई काही केल्या मशीन सोडत नव्हत्या. तेवढ्यात बायकोचा फोन.

"अहो, आई टीव्हीवर!"

"काय म्हणाल्या त्या?"

"काही नाही. केस विंचरतेय."

निर्मातीबाईंनी आत बोलावलं. "कोण या बाई?"

"सासूबाई," काका कसेबसे म्हणाले.

"मुलं वेडी झालीत! फोन थांबत नाहीयेत. उद्या तुमच्या बाथरूममधून थेट कार्यक्रम. तेच मशीन, तसंच फिरायला हवं. जमलं तर चूक माफ. नाहीतर मी काय म्हणाले होते, आठवतंय ना?"

काका धावतपळत घरी पोचले, तर मेकॅनिक हात पुसत होता. "झालं काम. आता मशीनवर पाण्याचा ग्लास ठेवा, थेंब सांडायचा नाही."

"अहो, पुन्हा बिघडवा ना! पाया पडतो तुमच्या!"

"वीस वर्षं या धंद्यात आहे साहेब," मेकॅनिक दुखावला. "बिघडवायचं काम आपल्याला येत नाही."

झालं, नोकरी गेली! काका मटकन स्टुलावर बसले. एवढ्यात सासूबाई बाथरूमच्या दारात आल्या. डोक्याला टॉवेल होता, आज इस्त्री केलेला.

"एवढं काय तोंड पाडून बसलात, जावईबापू?" त्यांनी मेकॅनिकच्या पेटीतला पाना उचलून काकांच्या हातात ठेवला. "रविवारी केलंत ना, तसंच दुरुस्त करा."