आजोबा थांबले आणि रेडिओ बोलला

पिंगीनं अख्ख्या इमारतीला छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं, "बरोब्बर अकराला रेडिओ लावा! माझे आजोबा थेट बोलणार आहेत. एका अक्षराला अडखळणार नाहीत. गॅरंटी माझी!"

गॅरंटी द्यायला तिचं काय जात होतं! आजोबा चाळीस वर्षं रेडिओ केंद्रात इंजिनीअर. व्हॉल्व्हच्या जमान्यापासून तारा डाग देऊन जोडत आलेले, भर वादळात मनोऱ्यावर चढलेले. पण सारा जन्म दुसऱ्यांचे आवाज घराघरांत पोचवण्यात गेला. स्वतः बोलायचा योग आला तो थेट निवृत्तीच्या दिवशी. निरोपाची पाच मिनिटं!

"तुझ्याबद्दलही एक वाक्य आहे," सकाळी निघताना ते आजीला म्हणाले होते. तेव्हापासून आजी केस नीट विंचरून रेडिओसमोर बसली होती, जणू रेडिओलाही ती दिसणार होती!

अकरा वाजले. आजोबा काय बोलले म्हणून सांगू! आत्या तर पहिल्या मिनिटालाच डोळे पुसायला लागली.

"आणि सगळ्यात शेवटी," आजोबा म्हणाले, "माझी बायको..."

आणि शांतता.

आजी पुढे झुकली. नुसतं सूं सूं. पाच सेकंद. दहा. पंधरा.

"पिंगे, बटण हललं का गं?"

"मी हातसुद्धा लावला नाही!"

मग आवाज आला. आजोबांचाच! पण कोवळा, विशीतला.

"घाबरू नका. मी इथेच आहे. लवकरच परत येतो."

पिंगीच्या अंगावर सर्रकन काटा आला. आजी पुटपुटली, "हा आवाज... आमच्या लग्नाच्या वेळचा आहे."

"घाबरू नका. मी इथेच आहे." पुन्हा तेच. तितक्याच संथपणे. श्वाससुद्धा त्याच जागी घेतलेला! पिंगीनं धावत जाऊन रेडिओ बंद केला, तर तोच आवाज जिन्यातून वर आला. खालच्या शिंप्याच्या दुकानातून, समोरच्या खिडकीतून, डोक्यावरच्या मजल्यावरून. पिंगीच्या गॅरंटीमुळे घरोघरी तरुण आजोबा बोलत होते!

"बाबा गेले!" आत्यानं टाहो फोडला. "बोलता बोलता गेले, आणि आता तिकडून बोलतायत!"

"तिकडे काय रेडिओ केंद्र आहे?" आजी खेकसली. पण लगेच तिनं फोन उचलला.

आजोबांचा फोन बंद. केंद्राचा सारखा एंगेज. अर्ध्या तासात शेजारीपाजारी पडलेल्या चेहऱ्यांनी घरात जमले. शिंपी हळूच म्हणाला, "त्यांची पँट तयार आहे हो. आता काय करू?"

"मलाच द्या की!" दारातून आवाज आला.

दारात आजोबा! हातात पुष्पगुच्छ! आत्या किंचाळून शिंप्यामागे लपली. शिंप्यानं आधी आजोबांना चिमटा काढून पाहिला.

"अरे, जिवंत आहे मी!" आजोबा कळवळले. "माझ्याच यंत्रानं घात केला. वीस सेकंद शांतता झाली की ते आपोआप टेप लावतं. नवा नवा होतो तेव्हा बनवलं, निवेदक रजेवर म्हणून आवाजही माझाच भरला. एकोणचाळीस वर्षांत एकदाही वाजलं नव्हतं! आज काचेपलीकडे केंद्रातले सगळे उभे राहिले आणि माझा गळाच दाटून आला. बरं, सलग दहा सेकंद कुणी बोललं तरच ते गप्प बसतं. मी आपला 'अरे... अरे...' याच्या पुढे जाईना! बाकीचे तर भूत बघावं तसे माझ्याकडे बघत होते."

आजीला यंत्राशी काही देणंघेणं नव्हतं. "ते राहू द्या. 'माझी बायको...' पुढे काय होतं?"

आजोबांचे कान लाल झाले. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून तिच्या हातात दिला. सगळ्या इमारतीदेखत आजीनं तो खणखणीत आवाजात वाचला.

"माझी बायको सगळ्यांना सांगते, की मी घरात तोंडच उघडत नाही. हे साफ खोटं आहे."

सगळे आजोबांकडे बघू लागले. यावर त्यांनी काहीतरी बोलायला हवं होतं. नाही बोलले!