दोषांसकट घेतलेली गाडी

"हे बघा संदेशभाऊ, नंतर बोलू नका सांगितलं नाही म्हणून," दीपक मेकॅनिक हात पुसत म्हणाला. "या मॉडेलचं इंजिनच असलं. पंधरा किलोमीटर झाले की तापतं. चढ लागला तर दहालाच. हेड गॅस्केट आज ना उद्या जाणार, आणि ते गेलं की इंजिन बंद. पाणी तर गाडी म्हशीसारखं पिते. दोन कॅन भरून कायम डिकीत ठेवायचे. तापली की थांबायचं आणि गार होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. म्हणून तर एवढी स्वस्त."

संदेशने हे सगळं कीर्तन ऐकावं तसं ऐकलं. डोळे मिटून, मान डोलवत, मधूनच "वा!" म्हणत. आणि कीर्तनातला उपदेश जसा बरेचदा देवळाच्या पायरीवरच राहतो, तसा हाही गॅरेजच्या दारात ठेवून तो फक्त किल्ली घेऊन घरी आला.

"एवढं सगळं ऐकून गाडी घेतलीत?" त्याच्या बायकोने, शमिकाने, कपाळाला हात लावला.

"अगं, किती खरा माणूस! एक अवगुण लपवला नाही."

"छान. खरेपणा दीपकचा राहिला आणि गाडी आपली झाली."

पण संदेशला गाडी स्वतःसाठी नको होतीच. तो शाळेत क्लार्क, आणि सुट्टीच्या दिवशी शिवाबुवांच्या कीर्तनाला पेटीची साथ करणारा. बुवांचं वय चौऱ्याहत्तर. पन्नास वर्षं हा माणूस खांद्याला झोळी अडकवून एसटीने गावोगाव कीर्तनाला जात होता. पावसात, तापात, एकदा तर पाय मुरगळलेला असताना गेला. पण ठरलेलं कीर्तन एकही चुकवलं नाही. माघातल्या उत्सवात हेदवीच्या देवळात संध्याकाळी पाचला कीर्तन ठरलं, तेव्हा संदेश अभिमानाने म्हणाला होता, "बुवा, यंदा एसटी नाही. मी गाडीने पोचवतो."

सकाळी दहाला निघाले. मागच्या सीटवर पेटी, पुढे बुवा, बुवांच्या मांडीवर गळ्यासाठी आल्याच्या गरम पाण्याचा थर्मास. आरे-वारेच्या चढावर खाली समुद्र चमकत होता. बुवा म्हणाले, "काय शोभा केलीय रे देवाने!" तेवढ्यात बॉनेटमधून वाफ निघाली आणि शोभा दिसेनाशी झाली.

"कॅन काढ," बुवा म्हणाले. त्यांना दीपकचं सगळं प्रवचन संदेशनेच रंगवून ऐकवलं होतं.

संदेशने डिकी उघडली. डिकीत स्टेपनी होती आणि झांजा होत्या. कॅन घरी, मोरीत, रिकामे.

तासाभराने इंजिन निवलं, तेव्हा थर्मास रेडिएटरमध्ये रिता झाला. आल्याचा वास सुटला. बुवा खाकरले. आता नुसतं वेळेवर पोचून भागणार नव्हतं, गळाही पोचायला हवा होता.

मालगुंडात गाडी पुन्हा उकळली. नेमकी हौसाकाकींच्या कोकम सरबताच्या टपरीसमोर.

"गाडी हाय का पेजेचं मडकं?" काकी बाहेर आल्या. "आनि म्हाताऱ्या मानसाला उन्हात काय बसवलंयस, मेल्या?"

त्यांनी बुवांना सावलीत बसवलं, गळ्याला गूळपाणी ऊन करून दिलं, गाडीला बादलीभर पाणी दिलं. बुवा कीर्तनकार आहेत हे कळल्यावर टपरीला फळी लावली आणि पाण्याचा मोठा कॅन मांडीवर घेऊन त्या मागे पेटीशेजारी बसल्या.

"काकी, तुम्ही कुठे?"

"कीर्तनाला. तुज्यासंगं पानी नको?"

पाणी आलं, पण काकींचं आणि कॅनचं वजनही आलं. वजन वाढल्यावर गाडीने पंधराचा नेम मोडून आठावरच मान टाकली. जयगड अजून दूर होतं. या वेळी वाफही आली नाही. नुसताच 'खट्' असा आवाज झाला.

"गॅस्केट गेलं," संदेश पुटपुटला.

"दीपक खरा माणूस," बुवा शांतपणे म्हणाले.

मागून एक टेम्पो आला. त्यात हेदवीकडची क्रिकेट टीम होती. खाडीअलीकडे मॅच हरून घरी निघाली होती, त्यामुळे कुणालाच घाई नव्हती. कप्तान उतरला, गाडी बघून हळहळला, आणि दोर बांधला.

ओढल्या जाणाऱ्या गाडीत इंजिनाचा आवाज नाही. बुवांनी काच खाली केली आणि गळा तपासायला एक आलाप घेतला. गूळपाण्याने काम केलं होतं. आवाज असा निघाला की टेम्पोतली पोरं हरल्याचं विसरून मागे वळली. बुवांनी "रामकृष्ण हरी" म्हणावं आणि टेम्पोतून चौदा गळ्यांनी उचलून धरावं, असं करत वरात जयगडच्या धक्क्यावर पोचली. फेरीबोटीवर गाडी ढकलत चढवली, तवसाळला ढकलत उतरवली. खाडीत असताना मात्र ती जराही तापली नाही.

हेदवीत उत्सवाचा सेक्रेटरी विनीत घड्याळ बघत उभा होता. पाचला दहा कमी. गेल्या वर्षी श्रोते होते अकरा. त्यातले चार विश्वस्त आणि एक झोपलेले. यंदा तर बुवाच नाहीत! इतक्यात टेकडीच्या चढावर गजर ऐकू आला. चढाच्या पायथ्याशी दोर तुटला होता, म्हणून चौदा पोरं गाडी ढकलत होती, आणि हा काय प्रकार म्हणून अर्धी वाडी मागून येत होती.

"अरे, मी उतरतो रे," बुवा आतून म्हणत होते.

"बसा हो बुवा! तुमचं वजन केवढं, टाळाएवढं!"

सभामंडप भरला. बुवा उभे राहिले आणि ठरवलेलं निरूपण बाजूला ठेवून गाडीवरच बोलले. "दीपकने सगळे दोष सांगितले, तरी आमच्या संदेशने गाडी घेतली. लोक हसले. पण मंडळी, देव तरी काय करतो? आपला राग ठाऊक, लोभ ठाऊक, दर पंधरा पावलांना आपण तापतो तेही ठाऊक. तरी म्हणतो, असू दे, दोषांसकट माझा. आणि चढ लागला की ढकलायला चार माणसं पाठवतो."

हौसाकाकींनी पदर डोळ्यांना लावला. कप्तानाने टोपी काढली. पेटीवर संदेशला सूर दिसेनात; बोटं आपापली चालत राहिली. सकाळच्या चढापासून गाडी विकून टाकायचं मनात घोळत होतं, ते वाहून गेलं.

कीर्तनानंतर तो बुवांच्या पाया पडला. "बुवा, गाडी विकणार नाही. चार दिवसांत गॅस्केट बदलतो. मग पुढच्या कीर्तनाला…"

"मी एसटीने जाईन," बुवा झोळी आवरत म्हणाले.

"पण बुवा, आत्ताच तुम्ही म्हणालात, दोषांसकट…"

"ते देवाचं सांगितलं रे. देवाला कुठे वेळेवर पोचायचं असतं? मला परवा पालीला कीर्तन आहे."

संदेशचा चेहरा पडला. बुवा दोन पावलं गेले, थांबले, मागे आले. गाडीच्या बॉनेटवरून त्यांनी नातवाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला. मग झोळीतून थर्मास काढून पुढच्या सीटवर ठेवला.

"हा इथेच असू दे," ते म्हणाले. "तिला लागेल."