हात वर, पाणी सुरू

“चूक होणं शक्यच नाही!” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी भिंतीवर तक्ता लावला.

मॅडम म्हणजे विमानतळावरच्या अग्निशमन केंद्राच्या प्रमुख. पदार्थविज्ञान शिकलेल्या. त्या चहात साखरसुद्धा चमचा सपाट करून घालायच्या. तक्त्यावर वाऱ्याचा वेग होता, पाण्याच्या तोफांचा कोन होता, पंपाचा दाब होता आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं : चाळीस सेकंद.

त्या दिवशी लुकलुके साहेब निवृत्त होणार होते. हे नाव केंद्रानेच ठेवलेलं. बावीस वर्षं हा वैमानिक विमान उतरवून केंद्रासमोरून जाताना पुढचा दिवा दोनदा लुकलुकवायचा. आग विझवणाऱ्यांचं काम म्हणजे आग न लागण्याची वाट बघणं. ती लागली नाही म्हणून आभार मानणारा जगात हा एकच माणूस! मॅडमच्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, आपण इथे नेमक्या कशाला आलो, असा प्रश्न पडलेला असताना तो दिवा लुकलुकला होता. त्याचं उत्तर द्यायला आजचाच दिवस होता. शेवटचं विमान, चार वाजून दहा मिनिटं.

“दोन्ही बाजूंना दोन गाड्या, मधून विमान, वर पाण्याची कमान,” मॅडमनी पुन्हा समजावलं. “माझा हात वर, पाणी सुरू. हात खाली, पाणी बंद. माझ्या हाताशिवाय कुणाचंही ऐकायचं नाही.”

“देवाचंसुद्धा नाही,” पहिल्या गाडीवरचा पैलवान म्हणाला.

“पण ही पद्धत आली कुठून?” दुसऱ्या गाडीवरच्या मास्तरने विचारलं. शाळेशी त्याचा संबंध नव्हता. प्रत्येकाला दुरुस्त करायचा म्हणून तो मास्तर. “मला वाटतं, पूर्वी विमानं धुळीने माखायची, ती धुवायला.”

“धुवायला? म्हैस आहे का ती!” नाना उसळले. नाना सगळ्यांत ज्येष्ठ, आधीची नोकरी बंदरावर आगीच्या बोटीवर केलेली. “हा मान जहाजांचा. नवं जहाज आलं, जुना कप्तान निघाला, की आमच्या बोटी पाणी उडवायच्या. पहिल्यांदा कुणी उडवलं ते नक्की कुणालाच ठाऊक नाही. विमानवाल्यांनी बघितलं आणि उचललं. पण मॅडम, एक सांगू? बोटीच्या खाली समुद्र असतो. आपल्याकडे टाकी आहे.”

“म्हणून तर चाळीस सेकंद!” मॅडमनी तक्त्यावर बोट आपटलं.

चार वाजता मॅडम गवतावर जाऊन उभ्या राहिल्या. नाना केंद्राच्या दारात वायरलेस घेऊन. इतक्यात ते ओरडले, “मॅडम! टॉवर म्हणतोय क्रम बदललाय. आधी दुसरं विमान येतंय!”

धावपट्टीवर विमान टेकलं. त्याच कंपनीचं, त्याच रंगाचं. वळून केंद्राकडे आलं आणि दिवा लुकलुकला. एकदा. दोनदा.

“टॉवर चुकला, नाना!” मॅडम म्हणाल्या. “बावीस वर्षांचं निरीक्षण चुकत नाही!”

आणि त्यांनी हात वर केला.

काय कमान पडली म्हणून सांगावं! विमान लग्नमंडपात शिरणाऱ्या नवरदेवासारखं हळूहळू आत आलं, खिडक्यांना गाल चिकटले. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. वर केलेला हात आपोआप कपाळाशी गेला. कडक सलाम! विमान कमानीतून बाहेर पडलं, लांब गेलं, सावकाश आपल्या जागेवर जाऊन थांबलं. तोवर मॅडम तशाच उभ्या.

हात वरच होता.

“मॅडम, हात!” नाना ओरडत होते; पण मध्ये पाण्याची भिंत आणि पंपांचा गडगडाट. पैलवानाने हाताकडे बघितलं. वर. मास्तरने बघितलं. वर. हुकूम म्हणजे हुकूम! शेवटी नाना त्या पाण्यातून पळत आले, नखशिखांत भिजलेले, आणि त्यांनी मॅडमचा हात धरून खाली ओढला. त्याच क्षणी दोन्ही तोफांनी उचकी दिली. टाक्या रिकाम्या!

“समुद्र संपला,” नाना म्हणाले.

वायरलेसमधून टॉवरवरच्या ताई बोलल्या. “मॅडम, गाड्यांत पाणी आहे ना?”

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. गाड्या भरलेल्या नसतील तर धावपट्टी बंद, हा नियम त्या स्वतःच नव्या लोकांकडून पाठ करून घ्यायच्या. “नाही,” त्या म्हणाल्या. “छत्तीस मिनिटं लागतील. वर कोण आहे?”

“लुकलुके साहेब.”

ज्याचे आभार मानायचे, त्यालाच आभाळात टांगून ठेवलं होतं! छत्तीस मिनिटं पाण्याचा पाइप धरून मॅडम वर बघत राहिल्या. वर साहेब घिरट्या घालत होते.

तेवढ्यात कमानीखालून गेलेला वैमानिक धावत आला. तरुण, डोळे लाल. “मॅडम, आज कॅप्टन म्हणून माझं पहिलं विमान. तुम्हाला कसं कळलं?”

“तुम्ही... दिवा...”

“साहेबांनीच शिकवलंय. म्हणाले, तिथे माणसं उभी असतात, न विसरता करायचं. आज तर त्यांनी मला आधी उतरू दिलं.”

मॅडमनी नानांकडे बघितलं. नाना सदरा पिळत होते. जन्मात अंदाजे न बोललेल्या मॅडम ठामपणे म्हणाल्या, “कमान तुमच्यासाठीच होती.”

साहेब उतरले. टाक्या भरल्या होत्या, पण आता त्यातला थेंबही वापरायची मॅडमची छाती नव्हती. दिवा लुकलुकला. मॅडमनी मान खाली घातली.

साहेब स्वतःच केंद्रात आले. मॅडमनी सगळं कबूल केलं, तक्त्यासकट. “माफ करा. आमच्यामुळे तुम्हाला छत्तीस मिनिटं...”

“प्रवाशांची माफी मी मागितली आहे,” साहेब म्हणाले. “माझी मागू नका. शेवटच्या दिवशी अजून थोडं उडू द्या, असं आम्ही कुणाकडे मागणार? तुम्ही न मागता दिलंत. आभारी आहे.”

ते आपल्या छोट्या गाडीत बसून केंद्रासमोरच्या रस्त्याने निघाले. मॅडम दाराबाहेर आल्या. त्यांनी सलाम ठोकला.

“मॅडम, हात!” नाना किंचाळले. “पैलवान अजून गाडीवरच बसलाय!”

उशीर झाला होता. मोटारीवर अर्धी कमान सुरेख पडली. मॅडमनी या वेळी तीन सेकंदांत हात खाली घेतला.

पुढे गेलेल्या मोटारीचे मागचे दिवे लुकलुकले. एकदा. दोनदा.

“बघा!” मॅडम हरखल्या. “पोचले आपले आभार!”

“ब्रेक मारला असेल,” नाना म्हणाले. “काच उघडी होती त्यांची.”