मॅकिंटायर, पाणी आलं का?

आमचे घरमालक बबनअण्णा चांदेकर मला मॅकिंटायर म्हणतात. माझं आडनाव सुतार, गाव कऱ्हाडजवळचं, आणि स्कॉटलंड मी फक्त नकाशात पाहिलंय. तरी रोज सकाळी जिन्याखालून हाक येते, "मॅकिंटायर, पाणी आलं का?"

"सुतार, अण्णा, सुतार," मी वरून ओरडतो. उपयोग शून्य.

याचं मूळ दोन स्कॉटिश इंजिनिअर. हिंजवडीतल्या कामासाठी ते वर्षभर जवळच्या जांबे गावात, अण्णांच्या बिल्डिंगमध्ये राहिले. एक मॅकिंटायर, दुसरा मॅकगोवन. दोघांनाही मॅक लागलेलं ऐकून अण्णांनी ओळखलं, ही भावकी! आणि भावकी म्हटली की पाण्यावरून भांडण आलंच. पाहुणे यायच्या आतच त्यांनी एका खोलीला दोन नळ आणि दोन टाक्या बसवून घेतल्या.

पाहुणे पोट धरून हसले. मग त्यांनी समजावलं, की त्यांच्या जुन्या गेलिक भाषेत मॅक म्हणजे मुलगा. मॅकिंटायर सुताराचा मुलगा, मॅकगोवन लोहाराचा. नातं काहीच नाही.

ते गेले, पण अण्णांना नाद लावून गेले. आता नव्या भाडेकरूला आधार कार्डाआधी आडनावाचा उगम सांगावा लागतो. "आधी पाया बघायचा, मग मजला," हे अण्णांचं ठरलेलं वाक्य. बिहारच्या एका शर्माला काही सांगता येईना, तेव्हा अण्णांनी त्याला गावाकडे आजोबांना फोन लावायला लावला. गावातला लोहार तर मॅकगोवन म्हटलं की ओ देतो.

अण्णांची बायको वारलेली. एकुलती एक लेक, सुनीता, रिहे गावात दिलेली. मुलगा नाही म्हणून भावकीचा एकच धोशा होता, चांदेकरांचं हे घर संपलं, बिल्डिंग पुतण्याच्या नावावर करा.

यंदा दसऱ्याला अण्णांनी दारावर पाटी ठोकली, 'सुनीता बबन चांदेकर'. पुतण्या तणतणत आला.

"अण्णा, ताईचं आडनाव आता येगळं हाय! लेक दिली की परक्याची."

"तिकडं लेकीला मॅक न्हाई, निक लागतं. निक म्हंजे लेक. लगीन झालं तरी ती बापाच्याच नावाची ऱ्हाती. मॅकगोवननं सांगितलंय मला."

"ते स्कॉटलंड. हे जांबे हाय."

अण्णांचा आवाज एकदम खाली आला. "सुनीता झाली तवा समदी म्हनली, जिलबी वाट. मी पेढं वाटलं गावभर. लग्नात हिचं नाव बदललं, तवा मला कुनी इचारलं न्हाई. मी मांडवामागं जाऊन रडलो."

सणाला आलेली सुनीता पाटीसमोर उभी होती. हे तिलाही माहीत नव्हतं. ती मोठ्यानं वाचायला लागली आणि आडनावापाशी तिचा आवाज फुटला.

अण्णा माझ्याकडे वळले. "तुमीच सांगा, मॅकिंटायर. बापाचं नाव असं पुसतंय व्हय?"

"नाही पुसत, अण्णा," मी म्हणालो. 'सुतार' म्हणायचं त्या दिवशी राहूनच गेलं.